महाबळेश्वरची करवंदं

सिल्वासाला आमच्या कॉलनीत जेवणानंतर जे गोड खायचं, त्याला 'स्वीट डिश' म्हणावं लागे. तसा लेखी नियम नव्हता. पण नवीन असताना एका पार्टीत मी "गोडात काय आहे?" असं विचारलं, तेव्हा चार बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जशी काही पायातली चप्पल टेबलावर ठेवली होती. त्यानंतर मीही स्वीट डिश म्हणायला लागले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी सगळ्यांची टर उडवणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की ही बाई स्वतः कोणी निराळी होती.

सिल्वासातच टोकरखाड्याला कंपनीने चाळीस बिऱ्हाडांची कॉलनी बांधली होती. कंपनी धागा बनवायची. सरकारने कर माफ केला म्हणून कारखाने आले, कारखान्यांमागून इंजिनियर आणि मॅनेजर आले, आणि त्यांच्यामागून सुटकेसा, कुकर आणि नाकाचे शेंडे घेऊन आम्ही बायका आलो. कोणी मुंबईची, कोणी पुण्याची, मी नाशिकची. आपण या आडबाजूला सुधारणा घेऊन आलो आहोत अशी प्रत्येकीची मनापासून समजूत होती. सुधारणा म्हणजे काय, तर कुंड्यांमधली क्रोटनची झाडं, महिन्याची भिशी आणि कस्टर्ड.

कस्टर्डबद्दल मला अजूनही नीट बोलता येत नाही. पाकिटातली पिवळी पावडर दुधात कालवायची, गुठळ्या झाल्या की गाळायची, त्यात केळ्याचे काप टाकून फ्रिजमध्ये ठेवायचं. आमच्या घरी आजारी माणसाला असलं काही दिलं असतं तर तो उठून बसला असता आणि भाकरी मागितली असती. कॉलनीत मात्र ज्या घरी पाहुणे त्या घरी कस्टर्ड. त्यावर बायका डाळिंबाचे दाणे पेरत आणि एकमेकींना "किती छान सेट झालंय" असं म्हणत.

या सगळ्यांच्या वर होत्या आमच्या जनरल मॅनेजरच्या बाईसाहेब. त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्या मुंबईच्या, आणि ते त्या कोणाला विसरू देत नसत. त्यांच्याकडच्या कस्टर्डवर स्ट्रॉबेरीचा सॉस असे. मुंबईहून आणलेली ती बाटली फ्रिजच्या दारात उभी असायची. प्रत्येकीच्या वाटीत त्या स्वतःच्या हाताने एक चमचा सॉस घालत, देवळात पळीने तीर्थ देतात तसा. चमच्यातून शेवटचा थेंब पडेपर्यंत आम्ही वाट्या पुढे धरून उभ्या. त्या सॉसला औषधाच्या गोळ्यांवरच्या लाल साखरेची चव होती. आम्ही डोळे मिटून "अहाहा" करायचो. माझ्यापुरतं सांगायचं तर स्ट्रॉबेरी मी तोवर बाटलीवरच्या चित्रात आणि एका कॅलेंडरवर पाहिली होती. बाकीच्यांचंही यापेक्षा फार काही असेल असं मला वाटत नाही.

आता फाटकाबद्दल सांगते.

जवळच्या रांधा गावाकडून एक वारली बाई मे महिन्यात रोज सकाळी डोक्यावर करवंदांची टोपली घेऊन चालत यायची. वयाने माझ्याहून थोडी मोठी असेल. फाटकाच्या आत कडुलिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत ती बसायची. तिची एक रीत होती. चाखायला दिल्याशिवाय ती विकायची नाही. टोपलीतलं एक टपोरं करवंद उचलून आधी तुमच्या हातावर ठेवायची, तुम्ही ते खाईपर्यंत तोंडाकडे बघत राहायची आणि मग पळसाच्या पानाचा द्रोण भरायची. घाईत असलात, "माहीत आहे गं, दे लवकर" म्हणालात, तरी ती हात आखडून बसायची. "चाख ना बाय," एवढंच म्हणायची. कॉलनीतल्या बायकांना तो गावंढळपणा वाटे. मला मजा वाटे.

कॉलनी उभी राहायच्या आधी त्या जागेवर करवंदीच्या जाळ्या होत्या, असं तिनेच मला एकदा सांगितलं होतं. क्लब हाऊस आहे तिथे सगळ्यात गोड जाळी होती म्हणे. ती तक्रार करत नव्हती, नुसती माहिती देत होती. आम्ही त्या जाळ्या तोडून तिथे टेबल टेनिसचं टेबल ठेवलं होतं आणि त्यावर कोणी खेळत नव्हतं.

एका उन्हाळ्यात मॅडमच्या मुलीने पोटभर करवंदं खाल्ली, जीभ जांभळी करून घेतली आणि रात्री तिचं पोट दुखलं. त्या दिवशी दुपारी तिने वाढदिवसाच्या पार्टीत काय काय खाल्लं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण दोष करवंदांवर आला. दोन दिवसांत फाटकावर पाटी लागली. जंगली फळं आणि उघड्यावरचे पदार्थ विकणाऱ्यांना आत यायला मनाई. पाटी गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होती. त्या बाईला यातली एकही भाषा वाचता येत नव्हती, त्यामुळे ती टोपली घेऊन नेहमीसारखी आत शिरली आणि वॉचमनने तिला बाहेर काढलं.

वॉचमन धुळ्याकडचा, भला माणूस होता. मी त्याला हटकलं तर कानकोंडा झाला. "मी काय करू ताई, वरथून ऑर्डर शे," म्हणाला.

तेव्हापासून ती बाहेर रस्त्याच्या कडेला उन्हात बसायला लागली. ट्रकची धूळ टोपलीवर पडायची. करवंदाचं एक असतं, पिकलेलं फळ उन्हात ठेवलं की दुपारपर्यंत त्याला पाणी सुटतं, मग ते कोणी घेत नाही. आत सावलीत बसून चाळीस घरांत ती दहा वाजेपर्यंत टोपली रिकामी करायची. बाहेर बसून निम्मी करवंदं परत न्यावी लागत किंवा वाटेत गुरांपुढे टाकावी लागत. तिचा नवरा छातीच्या दुखण्याने घरी बसलेला. मे महिन्यात त्या घराला या टोपलीचाच आधार होता. हे मला माहीत होतं. कॉलनीत हे माहीत असलेली मी एकटीच असेन, कारण तिच्याशी बोलायला थांबणारी मी एकटीच होते. त्याचा मला केवढा अभिमान होता. आपण या बाकीच्या बायकांसारख्या नाही, असं मी दिवसातून दोनदा तरी स्वतःला सांगायची.

पुढच्या वर्षी मेमध्ये मुंबईच्या हेड ऑफिसातून बडे साहेब आणि त्यांच्या पत्नी येणार असं ठरलं. रविवारी दुपारी जनरल मॅनेजरच्या बंगल्यावर जेवण. मॅडमनी सगळ्या बायकांना बोलावून कामं वाटून दिली, शाळेच्या स्नेहसंमेलनात देतात तशी. पुलाव हिच्याकडे, कटलेट तिच्याकडे. स्वीट डिश अर्थातच कस्टर्ड. पण बाटलीतला सॉस संपलेला, आणि शिवाय यावेळी त्यांना तो घरी केलेला हवा होता. कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं कात्रण त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तू नाशिकची ना? तुमच्याकडे सगळी फळं होतात. फ्रेश स्ट्रॉबेरी मागव."

मेच्या मध्यावर, मरणाच्या उन्हाळ्यात, नाशिकहून ताजी स्ट्रॉबेरी. मला फळाची फारशी माहिती नव्हती, पण ते थंडीतलं आहे एवढं तरी कळत होतं. तेवढं वाक्य बोलले असते तर प्रश्न मिटला असता. पण खोलीत बारा बायका होत्या आणि त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो, मागवते की."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो मेंटेनन्समध्ये होता, त्याला त्या वर्षी बढतीची आशा होती, आणि बडे साहेब येणार म्हटल्यावर त्याच्या अंगात आधीच वारं शिरलं होतं. त्याने मला वेड्यात काढलं नाही. उलट म्हणाला, काहीतरी लाल आणि आंबटगोड कर, कोणाला कळतंय. आयुष्यात त्याने मला दिलेला हा एकमेव पाकसल्ला.

लाल आणि आंबटगोड म्हटल्यावर मला करवंदंच आठवली. मी बाहेर रस्त्यावर जाऊन टोपलीतली करवंदं निवडायला लागले. बाईने नेहमीप्रमाणे काळं कुळकुळीत करवंद चाखायला दिलं. मी खाल्लं आणि लाल लाल वेचायला लागले. तिने माझा हात धरला.

"काळी घे बाय. लालात चीक ऱ्हातो."

मी तिला समजावलं की मला रंग हवाय. स्ट्रॉबेरी लाल असते, चित्रात पाहिली होती ना मी. तिने हात सोडला. एका न पाहिलेल्या फळासाठी समोरचं पिकलेलं फळ नाकारायचं, ही अक्कल आमच्याच कॉलनीत मिळत होती.

कात्रणात लिहिल्याबरहुकूम मी ती लाल करवंदं साखर घालून शिजवली. रंग आला तो भिंतीला लावायच्या गेरूचा. बिया काढायला पुरणयंत्रातून फिरवायला घेतलं तर दोन फेऱ्यांत दांडा अडकला. यंत्राच्या जाळीच्या प्रत्येक भोकात पांढरट चिकाचा गोळा बसला होता. पातेल्याला चीक, चमच्याला चीक, माझ्या बांगड्यांना चीक. तरी जे काही खाली पडलं होतं ते वाटीत घेऊन नवऱ्याला दिलं. त्याने दाटपणाची चिकित्सा केली, चमचा तिरका धरून धार कशी पडते ते पाहिलं, द्रवांबद्दल मला दोन शब्द सांगितले आणि मग तोंडात घातला. त्याची मिशी खालच्या ओठाला चिकटली. बढतीची आशा असलेला माणूस मोरीत उभा राहून खोबरेल तेलाने मिशी सोडवत होता, हे दृश्य मी अजून जपून ठेवलंय. पुरणयंत्र मला घासलेटने धुवावं लागलं आणि त्या वर्षीच्या होळीनंतर पुन्हा कधी त्यात पुरण वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून बाईकडे गेले. ती मला बघूनच हसायला लागली. काय झालं ते सांगायची गरज पडली नाही. म्हणाली, मी येऊन दाखवते.

पण आत कशी येणार? वॉचमनने डोकं खाजवलं आणि वहीत तिची नोंद भांडेवाली म्हणून केली. भांडी घासायला आत यायला मनाई नव्हती. टोपली मात्र नाही म्हणाला, टोपली दिसली तर त्याची नोकरी जाईल. मग आम्ही पंपहाऊसच्या मागे गेलो आणि कुंपणाच्या तारेखालून टोपली सरकवून घेतली. बाई फाटकातून आणि करवंदं तारेखालून, अशी ती आमच्या घरी पोहोचली.

माझ्या ओट्यापाशी ती उभी राहिली आणि एकही प्रश्न न विचारता कामाला लागली. काळी, हाताला मऊ लागणारी करवंदं वेगळी काढली. देठ खुडले. दोन्ही हातांना तेल लावलं, करवंदांवर मूठभर मीठ टाकून ती हलक्या हाताने चोळली आणि पाण्यात सोडली. पाण्यावर पांढरी साय आली. ते पाणी फेकून दुसरं घेतलं, तेही फेकलं, तिसरं स्वच्छ राहिलं. मी ॲल्युमिनियमचं पातेलं पुढे केलं तर तिने ते बाजूला सारलं आणि स्टीलचं मागितलं. थोड्याच पाण्यात करवंदं फुटेपर्यंत शिजवली. पुरणयंत्रातून गर सरसर खाली आला, बिया आणि सालं वर राहिली. रंग असा की मी बघतच राहिले. काळपट लाल, उजेडात धरला की आतून पेटल्यासारखा.

साखर मी घातली, कात्रणात होती तेवढी. उकळी आल्यावर तिने चमच्याने चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"लय गोड केलास. आता यात करवंद कुठं ऱ्हायला?"

तिने आणखी गर घातला, चिमूटभर मीठ घातलं, आणि ताटलीवर एक थेंब टाकून ताटली तिरकी केली. थेंब घरंगळला नाही, जागच्या जागी राहिला. गॅस बंद केला. मी चाखलं आणि खरं सांगते, त्या कॉलनीत सहा वर्षांत मी तोंडात घातलेल्या गोष्टींत ती सगळ्यात चांगली गोष्ट होती. मॅडमच्या बाटलीतलं ते लाल पाणी याच्यापुढे नाल्यात ओतायच्या लायकीचं होतं.

हात धुताना तिने विषय काढला. तिने आडून आडून विचारलं नाही. तुमची मोठी बाय हे खाणार ना, म्हणाली, मग तिला सांग ना माझी करवंदं आहेत. मला झाडाखाली बसू दे म्हणावं. दहा वाजेपर्यंत बसेन आणि जाईन.

मी तिला शब्द दिला. "त्या पहिला चमचा खातील ना, तिथल्या तिथे सांगते," मी म्हटलं. मला माझी योजना फारच आवडली होती. जनरल मॅनेजरच्या बाईसाहेब मिटक्या मारत असणार, बड्या साहेबांच्या पत्नी कौतुक करत असणार, आणि मी शांतपणे म्हणणार की ही तुम्ही फाटकाबाहेर काढलेली करवंदं. त्यांचे चेहरे कसे पडतील ते मी मनात रंगवून ठेवलं होतं. तेव्हा लक्षात आलं नाही, पण त्या चित्रात बाई नव्हतीच, मीच होते. हे सगळं तिला दाखवता यावं म्हणून मी रविवारी भांडी घासायच्या निमित्ताने तिला बंगल्यावर घेऊन गेले. ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती.

रविवारच्या जेवणाचं फार वर्णन करत नाही. कूलर घरघरत होता. पुरुष माणसं बियरचे ग्लास घेऊन धाग्याच्या भावावर बोलत होती. शेजारी गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे सिल्वासाला येणाऱ्या प्रत्येक साहेबाला इथला कारभार फार सुधारलेला वाटायचा. माझा नवरा बडे साहेब हसले की अर्ध्या सेकंदाने हसत होता. कटलेट आतून कच्चे होते आणि सगळ्यांनी त्यांची रेसिपी मागितली.

मग कस्टर्ड आलं. मॅडमनी माझ्या काचेच्या भांड्यातला सॉस नेहमीसारखा स्वतःच्या हाताने वाटला. बड्या साहेबांच्या पत्नींनी पहिला चमचा तोंडात घातला आणि बोलायच्या थांबल्या. दुसरा घातला. मग त्यांनी भांडं स्वतःकडे ओढलं आणि कस्टर्ड बाजूला सारून नुसता सॉस घेतला. खोलीत सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे.

"ही स्ट्रॉबेरी कुठली?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे मुंबईत असली मिळत नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात बाई पाण्याचा जग घेऊन उभी होती. तीही माझ्याकडे बघत होती.

मी तोंड उघडलं. मॅडमच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच माझ्याबद्दल कौतुक बघत होते. जिला मी गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत आले, तिचं ते कौतुक मला इतकं गोड लागलं की माझी मलाच शिसारी यावी. तेव्हा मात्र आली नाही.

"महाबळेश्वरची," मी म्हटलं. "भावाने पाठवली."

विचारलं होतं त्याच्याहून जास्त खोटं बोलले. भावाची काय गरज होती? माझा भाऊ नाशिकला बँकेत होता आणि महाबळेश्वरला कधी गेलाही नव्हता.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "ओरिजिनल चव लगेच कळते." यावर सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मेच्या उन्हाळ्यात ताजी स्ट्रॉबेरी आली कुठून, असा एकीलाही संशय आला नाही. असल्या बायकांना मी घाबरत होते.

इथेही संपलं नाही. जेवणं आटोपल्यावर मॅडम स्वयंपाकघरात आल्या. माझ्यावर खूश होत्या, त्यामुळे सगळ्या जगावर खूश होत्या. भांड्याच्या तळाशी थोडा सॉस राहिला होता. त्यांनी तो चमच्यावर घेतला आणि भांडी घासणाऱ्या बाईपुढे धरला.

"घे, चाखून बघ. स्ट्रॉबेरी आहे. कधी खाल्ली नसशील."

बाईने राखेचे हात धुतले. चमचा घेतला, तोंडात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फळ विकताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायची तशी ती माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडून काहीतरी येईल म्हणून. चांगली थांबली. खोलीत आम्ही तिघीच होतो. नवरा नव्हता, साहेब नव्हते, बारा बायका नव्हत्या. आता बोलायला काय हरकत होती, मला आजही सांगता येत नाही. मी टेबलावरच्या वाट्या एकात एक घालत राहिले.

"कशी आहे?" मॅडमनी विचारलं.

"बरी हाय," ती म्हणाली आणि चमचा घासून ठेवला.

परत येताना मी तिला बरंच काही सांगितलं. आज पाहुणे होते, वेळ बरोबर नव्हती, एकदा मॅडमना एकटं गाठून सांगते, या लोकांचं कसं असतं तुला माहीत नाही. तिने ऐकून घेतलं. माझं काचेचं भांडं धुऊन जागेवर ठेवलं आणि फाटकातून बाहेर गेली. मी तिच्या तोंडाला पानं पुसली होती आणि ते आम्हा दोघींनाही कळलं होतं.

मॅडमना मी एकटं गाठलं नाही. नवऱ्याला बढती मिळाली, ती सॉसमुळे नाही, पण तो गमतीने तसं म्हणायचा आणि मी हसायची. कॉलनीत माझा सॉस 'महाबळेश्वर सॉस' म्हणून प्रसिद्ध झाला. दर मेमध्ये माझ्याकडून तो करून घेतला जाई. बायका रेसिपी मागत, मी त्यांना स्ट्रॉबेरी घालून लिहून देई, त्या मुंबईहून क्रशच्या बाटल्या मागवून करत आणि तुझ्यासारखा होत नाही म्हणत. मला त्यांची कीव यायची. पाटी मात्र तशीच राहिली. रंग उडाला तेव्हा कोणीतरी पुन्हा रंगवून घेतली.

आणि करवंदं? ती मी डोकमर्डीच्या बाजाराच्या रस्त्यावरून आणायची, गुपचूप, कॉलनीतलं कोणी बघणार नाही अशा वेळी. बाई आमच्या फाटकापाशी यायची बंद झाली होती. ती कुठे बसते याची मी चौकशी केली नाही. सात उन्हाळे मी असा सॉस केला.

नव्वदीच्या मध्यावर आम्ही सिल्वासा सोडलं. सामान ट्रकमध्ये चढल्यानंतर मी शेवटची म्हणून करवंदं घ्यायला डोकमर्डीला गेले तर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथे रस्त्याच्या कडेला ती बसलेली. केस पिकले होते. समोर दोन मुली उभ्या होत्या, गणवेशातल्या. तिने दोघींच्या हातांवर एकेक करवंद ठेवलं, त्यांनी चाखलं, मग द्रोण भरले. माझी पाळी आली. तिने मला ओळखलं. विचारपूस केली, साहेब कसे आहेत, कुठे चाललात. आवाजात काही कडवटपणा नव्हता. बोलता बोलता द्रोण भरून माझ्यापुढे धरला.

मी हात पुढे करून थांबले. चाखायला देईल म्हणून.

"चाखायला नाही देत?" मी विचारलं. हसण्यावारी नेल्यासारखं.

"तुला काय चाखवू बाय," ती म्हणाली. "तोंडात गेलां का तुला नाव नाय आठवत."

तिने द्रोण माझ्या हातात दिला. तो नेहमीइतकाच भरला होता, एकही करवंद कमी नव्हतं. माझ्या मागे एक ट्रक ड्रायव्हर येऊन उभा होता. तिने टोपलीतलं एक टपोरं काळं करवंद निवडलं, पदराला पुसलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.